चौथी हाक

दुकानाचं दार सताड उघडं होतं, आत झुवेना बसलेली होती, आणि तरीही नेटवर्कवाला आला नाही म्हणून मालकीणबाई बी किबीबी सकाळपासून तणतणत होत्या.

"काल येतो म्हणाला, आज येतो म्हणाला! मेले सगळे एका माळेचे मणी. जा गं पोरी, कॉफी तरी आण. डोकं उठलंय माझं."

तांगाच्या बाजारात बी किबीबींचं कांग्यांचं दुकान; कांगा म्हणजे तिथल्या बायका अंगाला गुंडाळतात ते जोडीने मिळणारं छापील कापड. पुढे कापडांचे गठ्ठे, आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर झुवेना. नव्या कांग्यांच्या नक्ष्या काढणारी, बोलायला फटकळ, आणि कानात सदानकदा गाणी.

ती बाहेर आली. समोर कडुनिंबाखाली, कॉफीवाल्याच्या ओट्यावर एक उंच तरुण बसला होता. खांद्यावर वायरचं वेटोळं. इवल्याशा कपात फुंकर घालत होता, जणू जगात दुसरं कामच नाही.

"तुम्ही… नेटवर्कवाले तर नव्हे ना?"

"तोच. मकामे. पेंबा बेटावरचा."

"अहो, मग आत का येत नाही? कालपासून तुमच्या नावाने शिव्या खातेय मी!"

"कालही आलो होतो. आजही. पुढे कुणी नव्हतं. 'होडी' म्हटलं, तीनदा. आतून कुणी 'करिबू' म्हणालंच नाही…"

आता आपल्या मराठी कानाला होडी म्हटलं की पाणी दिसतं. पण या किनाऱ्यावर 'होडी' म्हणजे 'येऊ का आत?' आणि 'करिबू' म्हणजे 'या'. तीनदा विचारायचं, उत्तर आलं नाही तर मुकाट्याने मागे फिरायचं. घरात कुणी नसेल, नाहीतर तुम्ही नको असाल. तिथे शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

"पण दार उघडं होतं की!"

"दार उघडं असणं वेगळं," तो म्हणाला, "आणि 'या' म्हणणं वेगळं."

त्याने मान वर करून पाहिलं. झुवेनाचा हात आपसूक गळ्यातल्या इअरफोनकडे गेला. चूक कुणाची होती ते तिला तिथल्या तिथे कळलं, पण कबूल करील तर ती झुवेना कसली!

"मग काय, कयामतीपर्यंत बसला असतात इथे?"

"बसलो असतो," तो गंभीरपणे म्हणाला. "कॉफी बरी असते."

ती हसली. नको नको म्हणताना हसली.

*

काम आठवडाभर चालणार होतं. बी किबीबींचा नियम कडक: समोर माणूस नाही, तर मशीन झोपलं पाहिजे. वीज काय कुणाच्या बापाची आहे? आणि झुवेनाची तक्रार अशी, की सुचतं ते नेमकं संध्याकाळी, आत्याच्या घरी, आणि नक्षी इथे कुलपात.

"मग घरून उठवा त्याला," मकामे म्हणाला.

"झोपलेल्याला? कोसभर लांबून?"

"या इकडे. वाका जरा."

दोघं टेबलाखाली वाकली. मशीनच्या पाठीमागे, जिथे वायर घुसते तिथे, एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. मकामेच्या सदऱ्याला लवंगांचा वास येत होता. लवंगा पिकवणाऱ्या पेंबाच्या माणसाला दुसरा कसला येणार म्हणा… पण झुवेनाने ठिपक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"झोपलंय, पण एक कान उघडा आहे," तो हळूच म्हणाला. "प्रत्येक मशीनला जन्माचं नाव असतं, आकड्या-अक्षरांचं. तुम्ही फोनवरून हाक पाठवायची. मी कपाटावर एक छोटी डबी ठेवलीय, ती कायम जागी असते. ती तुमची हाक इथे मोठ्याने देते. ऐकू सगळ्या मशीनना जातं, पण उठतं ते ज्याचं नाव तेच. एका हाकेत नाव सोळा वेळा घ्यायचं."

"सोळा! आणि तीनदा विचारून उन्हात जाऊन बसणाऱ्या माणसाला हे जमतं?"

"मशीनला कसली आलीय रीतभात?"

"बरं, आणि उठताना ते करिबू म्हणतं?"

"नाही ना. तेवढंच वाईट. ऐकलं की नाही, काही म्हणजे काही सांगत नाही. आपण हाक मारायची आणि… वाट बघायची."

'वाट बघायची' म्हणताना तो मशीनकडे पाहत नव्हता.

झुवेना फोन घेऊन समोरच्या ओट्यावर गेली. बटण दाबलं. क्षण गेला, दोन गेले, आणि आतून पंख्याची घरघर! "उठलं! अहो, उठलं!" ती अशी काही उडाली की कॉफीवाल्याची किटली कलंडता कलंडता राहिली.

त्यानंतर मकामे तिला काहीबाही विचारू लागला. आडून आडून, पेंबाच्या पद्धतीने.

"रास्काझोनेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी वारा छान असतो म्हणतात. मला वाट माहीत नाही…"

साऱ्या बाजाराला तोंडावर उत्तर देणारी झुवेना, तिची बोबडीच वळली. ती पदर बोटाला गुंडाळत बसली.

मग एका सकाळी कीबोर्डवर मोगऱ्याचा गजरा. "कुणाला आवडत असेल तर…" असं भिंतीला उद्देशून म्हणून तो वायर ओढायला गेला. झुवेनाने गजरा घरी नेला, उशाशी ठेवला. त्याला मात्र चकार शब्द बोलली नाही.

आणि शेवटच्या दिवशी, खांद्यावर वेटोळं टाकून तो दारात उभा राहिला. "आई विचारत होती, तांगातच काम बघणार की परत येणार. मी म्हटलं, विचारावं लागेल…"

कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं का! झुवेनाच्या मनात उत्तर तयार होतं, पण तिला ते सुंदर करून द्यायचं होतं, आणि शब्द काही जुळेनात. ती माऊसकडे बघत राहिली. तो थांबला. बराच थांबला. मग "बरं…" म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

तीन हाका झाल्या होत्या. रीतीचा माणूस, मागे फिरला. दुसऱ्या दिवशी पेंबाच्या बोटीत बसला.

"भवाने, तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" झुवेना आरशातल्या झुवेनाला म्हणाली, आणि मग मनसोक्त रडली.

*

ईद जवळ आली. दारेसलामच्या कापड गिरणीत दरवर्षी ईदचा एक कांगा निवडतात, आणि मग तो घरोघरी जातो. बी किबीबींनी बजावलं होतं, "या खेपेला आपला निवडला नाही ना, तर मी ते यंत्र विकून टाकते. नुसतं कापड विकत होते तेच बरं होतं." म्हणजे झुवेनाची नक्षीकामाची सारी हौस, सारं शिक्षण गाशा गुंडाळून घरी.

तिने जीव ओतून नक्षी काढली. काठाला लवंगांचे घोस, पोटात मोगरा. राहिलं ते 'नाव'. कांग्यावर मधोमध जी ओळ छापतात तिला तिथे नाव म्हणतात. बायका तोंडाने जे बोलत नाहीत ते कांग्याच्या नावाने बोलतात. सवतीला टोमणा, सासूला सलाम, नवऱ्याला इशारा. बी किबीबी दहा नावं सुचवून थकल्या. दारेसलामला निघायच्या आदल्या संध्याकाळी झुवेनाने एकटीने बसून नाव लिहिलं, काठाचे रंग भरले, आणि मशीन झोपवलं.

गिरणीत प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र उमटलं आणि ती खुर्चीतून ताडकन उठली. काठ बिनरंगी. मधली पट्टी रिकामी. घाईत तिने आधीची प्रत आणली होती!

निवड करणारे साहेब, ब्वाना शेलुकिंदो, चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, हात सुरेख आहे तुझा. पण नाव कुठाय? नावाशिवाय कांगा म्हणजे टेबलावरचं फडकं."

"आहे! सगळं आहे. तांगाला राहिलंय."

"तोंडी सांगून छापखान्याला कळत नाही बाई. जेवणं होईपर्यंत आण. मग आम्ही ठरवून मोकळे."

तांगा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि दुकानाची किल्ली बी किबीबींच्या पर्समध्ये. झुवेनाने फोन काढला. हाक पाठवली. मशीन उठलं की फोनवरचा करडा ठिपका हिरवा होतो. काही नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा…

"तीनदा झालं," बी किबीबी खालच्या आवाजात म्हणाल्या. "नाही उठत ते. चल, पोरी."

झुवेनाचा हात खाली आला. आणि मग तिने, इतके दिवस जो लावायचा धीर झाला नव्हता, तो नंबर लावला.

"मशीन उठत नाहीये!"

"सलाम नाही, दुआ नाही…" पलीकडून मकामेचा आवाज. "किती वेळा पाठवलंत?"

"तीनदा."

"मग?"

"मग थांबले."

तो हसला. "हे माझ्याकडून उचललंत वाटतं. कुठे उभ्या आहात?"

"गिरणीत. आत."

"पत्र्याखाली! हाक तिथून बाहेरच पडत नसेल. अंगणात जा, आणि पाठवत राहा. ते करिबू म्हणत नाही हो, सांगितलं होतं ना? गप्प आहे म्हणजे नको म्हणतंय, असं नसतं."

झुवेना जागच्या जागी थबकली. आणि इतक्या दिवसांचं कोंडलेलं एकदम उसळून आलं.

"अस्सं? मग हे तुला कळत होतं तर तू का गेलास, मकामे? तीनदा विचारलंस आणि चालू लागलास! मी गप्प होते म्हणजे नको म्हणत होते का?"

पलीकडून लांबवर समुद्र ऐकू येत होता.

"म्हणजे… झुवेना, म्हणजे…"

"म्हणजे काही नाही! आधी मशीन उठव!"

ती अंगणात धावली. डोक्यावर रणरणतं ऊन. मागून बी किबीबी छत्री सावरत, "वर धर गं, वर! आभाळाकडे!" झुवेना बटण दाबत राहिली. हाकेवर हाक. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तरी दाबत राहिली. आणि फोनवर तो ठिपका हिरवा झाला.

"उठलं!" ती किंचाळली. "मकामे, उठलं!"

"शाब्बास! आता फाइल?"

"एवढी मोठी फोनवरून जाणार नाही. बॅटरीही संपत आलीय."

"मी पाठवतो. माझ्याकडून आत जाता येतं, पण…" तो घुटमळला. "तू ये म्हणालीस तर."

"जा. पण ऐक, उघडू नकोस! नुसती पाठव."

"न उघडता कशी कळणार बरोबर ती? पुन्हा जुनीच गेली तर?"

झुवेनाने डोळे मिटले. एकीकडे कांगा, एकीकडे लाज. "उघड," ती म्हणाली.

पलीकडे टकटक झाली. थांबली. आणि मग मकामे हळूहळू, एकेक शब्द जपत वाचू लागला:

"तीन हाका मारून फिरू नकोस… चौथीला मी दारात आहे."

फोनला कान लावलेल्या बी किबीबींनी छत्रीच सोडली. "अगंबाई! आणि मला म्हणालीस, सगळ्या बायकांसाठी लिहिलंय!"

"बी, गप्प बसा ना!"

"झुवेना," मकामेचा आवाज ओला झाला होता, "हे… हे माझं आहे?"

"नाही, कॉफीवाल्याचं! पाठव आधी, गाढवा!"

फाइल आली. भिंतीवर लवंगा लालेलाल फुलल्या, मोगरा उमलला, आणि ब्वाना शेलुकिंदोंनी नाव मोठ्याने वाचलं. मग घड्या घालणाऱ्या बायकांतून एकीने जीभ नाचवत आनंदाची किलकारी ठोकली, आणि तिच्यामागून साऱ्या गिरणीने! यंत्रांचा खडखडाट त्यात बुडून गेला.

"आता मी काय ठरवणार?" ब्वाना शेलुकिंदो हसत म्हणाले. "यांनीच ठरवलंय. ईदला हाच."

बी किबीबींनी भर गिरणीत ठुमका मारला. झुवेनाने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. "ऐकलंस? आपला निवडला! मी जिंकले, मकामे!"

"ऐकतोय," तो म्हणाला. "शुक्रवारी बोट आहे."

*

शुक्रवारी झुवेना नव्या कोऱ्या कांग्यात, छापून आलेल्या पहिल्या जोडीत, आत्याच्या घराच्या दाराआड उभी होती. दार उघडंच होतं. मकामे होडीतून उतरला तो थेट इथेच आला, आणि म्हणाला, "होडी!"

आत्याने 'करिबू' म्हणायला तोंड उघडलं. झुवेनाने त्यावर हात ठेवला.

"होडी…"

आत्या डोळे वटारून बघतेय. झुवेनाने ओठ घट्ट मिटले.

"होडी?"

तीन झाल्या. बाहेर वाळूत चपला सरकल्या. फिरला की काय? पुन्हा फिरला? आपणच आपल्या पायावर धोंडा…

"सोळापर्यंत म्हणेन हं!" बाहेरून आवाज आला. हसरा, ठाम. "मला कुठे जायचं नाहीये. होडी!"

"करिबू!"

इतक्या मोठ्यांदा म्हणाली ती, की समोरच्या घरातून कुणीतरी "आलो, आलो" म्हणून उठलं. हाक अख्ख्या गल्लीला ऐकू गेली होती. आत मात्र आला तो मकामेच.