गंधवेधीने घेतलेलं नाव

रुक्साना तांबोळीच्या पत्राला श्रीनिवास उपळेकरांनी उत्तर दिलं नव्हतं. ती समोरच्याच घरात राहायची, पण उपळेकरकाका फोनवरचे निरोप वाचत नाहीत म्हणून तिने मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. तिच्या सहा वर्षांच्या इनायाला धाप लागत होती, श्वासाचा पंप आता रोज द्यावा लागत होता. गाडीची वाफ थांबत नसेल तर गाडी दुसरीकडे लावता येईल का, एवढंच तिने विचारलं होतं. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. त्यामुळेच उत्तर लिहिणं अवघड झालं होतं.

ही वाफ दाखवून दिली होती गंधवेधीने. मिरजेच्या त्या कॉलनीत आता दिव्याच्या प्रत्येक खांबावर हे यंत्र होतं. हवेत कोणतं रसायन आहे आणि ते कोणाच्या आवारातून आलं, हे ते वासावरून ओळखायचं आणि कॉलनीच्या फाटकाजवळच्या फलकावर दाखवायचं. त्याने एकदा स्वयंपाकाच्या गॅसची गळती वेळेवर पकडली होती, तेव्हापासून लोकांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता. गेले काही आठवडे फलकावर एकच ओळ होती : ‘पेट्रोलची वाफ – उपळेकर’. गल्लीत पेट्रोलवर चालणारी गाडी त्यांचीच तेवढी उरली होती.

उपळेकरांनी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. पेट्रोल उभ्या गाडीतही उडत असतं. ती वाफ एका नळीतून कोळशाच्या डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळतं. म्हणजे दोष झाकणात, नळ्यांत, झडपेत किंवा डब्यात असणार. एवढं कळूनही, आपल्या हातून काही बिघडलं तर, या शंकेत दोन रविवार गेले.

त्यांच्या पत्नी शैलजाबाई म्हणाल्या, “अहो, पुस्तक पाठ झालं असेल तर आता गाडीही उघडून बघा.”

टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं होतं, ते त्यांनी बदललं. फलकावरची ओळ गेली नाही. मग त्यांनी रिठ्याचा फेस केला, तो नळ्यांना लावला आणि सायकलच्या पंपाने हलकीशी हवा भरली. कुठेही बुडबुडा आला नाही. झडपही नीट मिटत होती. शेवटी कोळशाचा डबा काढला, तर तो हाताला जड लागला. कोळसा पेट्रोलने भिजला होता. पेट्रोल पंपावरचा माणूस नळी आपोआप थांबल्यावरही ‘राउंड फिगर करू का, काका?’ विचारायचा आणि नको म्हणायचा संकोच वाटून उपळेकर होकाराची मान हलवायचे. ते जास्तीचं पेट्रोल डब्यात उतरत होतं. दोष सापडला म्हणून त्यांना जवळजवळ आनंद झाला. नवा डबा बसवला.

ओळ तशीच राहिली.

मग त्यांनी कोणाला न सांगता गाडी जयसिंगपूरला मेहुण्याकडे नेऊन ठेवली. आठवडा गेला. पोर्च रिकामा होता, तरी फलक रोज सकाळी त्यांचं नाव दाखवत होता.

यंत्र बसवणाऱ्या कंपनीला फोन करायला त्यांना धीर गोळा करावा लागला. पलीकडच्या इंजिनिअर मुलीने सगळं ऐकून घेतलं, नोंदी तपासल्या. वारा पडलेला असला की वासाची दिशा कळत नाही, तेव्हा यंत्र जुन्या नोंदींवरून सगळ्यात शक्य असलेलं घर निवडतं, असं तिने समजावलं.

“म्हणजे ते अंदाज करतं?” उपळेकरांनी विचारलं.

“नावाचा, सर. वासाचा नाही. वास खरा आहे.”

फोन ठेवल्यावर त्यांना हलकं वाटलं. शैलजाबाईही म्हणाल्या, सुटलात एकदाचे. त्या संध्याकाळी फाटकाशी रुक्साना भेटली. गाडी हलवल्याबद्दल तिने आभार मानले. फलकावरचं नाव जायला वेळ लागत असेल, असं तीच म्हणाली.

“पण काका, इनायाला फरक नाही. गाडी जाऊनही धाप लागते, म्हणजे दुखणं तिच्या छातीतच असणार. डॉक्टर सोमवारपासून औषध वाढवणार आहेत.”

 उपळेकर घरी आले आणि लिहायला बसले. तीन कागद फाडल्यावर चौथा पुरा झाला.

“रुक्साना, दुखणं तिच्या छातीत आहे असं इतक्यात धरू नकोस. माझी गाडी इथे नाही, पण वास आहे. तुझ्या खिडकीजवळ कुठून तरी काहीतरी झिरपतं आहे आणि ते कोणीच शोधलेलं नाही, मीसुद्धा नाही. मी फक्त माझी गाडी तपासत बसलो. सोमवारच्या आधी डॉक्टरांना हे सांग. उद्या सकाळी आपण दोघं तुझ्या घराभोवतीची जमीन, गटार, शेजारचं बंद गॅरेज, सगळं बघू. यंत्राने माझं नाव घेतलं नसतं, तर हे आपण पहिल्याच दिवशी केलं नसतं का?”

शैलजाबाईंनी विचारलं, समोरच्या दारी टपाल कशाला, हाक मारा की. त्यांनी चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि पत्र तांबोळींच्या पेटीत टाकलं.