किंजळीकडची बारा मिनिटं

सर्वेश, तो मोबाईल खाली ठेव. भक्ती, तू इकडे सरक, गार लागेल. सांगतो, पण मध्ये हसायचं नाही. तुम्हाला मालवणी धड कळत नाही म्हणून मराठीत सांगतोय. तुम्ही डोंबिवलीची पोरं, तुमच्या बापाने तुम्हाला काही शिकवलं नाही.

ही कुणा ऐकीव माणसाची गोष्ट नाही. दाजीची आहे. दाजी म्हणजे माझ्या गॅरेजवर रोज सकाळी चहाला यायचा तोच. आता येत नाही.

दोन हजार चोवीस सालातली एकतीस जानेवारी, बुधवार. दुपारचे चार वाजले असतील. शेठांच्या मासळीच्या पिकअपचं ऑईल बदलून मी हात पुसत होतो. दाजी आला आणि म्हणाला, "चावी दी. आज कोल्हापुराक मीच जातंय."

मंगेश त्या गाडीवरचा ड्रायव्हर. मी म्हटलं, "आणि मंगेश?"

"मंगेश नको म्हणता."

"तुझो गुडघो?"

"गुडघो गेलो खड्ड्यात," म्हणाला, आणि हात पुढे केला. मी चावी दिली.

आता मंगेश नको का म्हणाला ते ऐका. दाजीने पंचवीस वर्षं गाडी चालवली. गुडघ्याने दगा दिला तेव्हा शेठांनी त्याला आचऱ्याच्या ऑफिसात बसवलं. तेव्हाच शेठांनी सगळ्या गाड्यांना त्या काळ्या डब्या बसवल्या होत्या. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, डॅशबोर्डच्या आत. गाडी कुठे आहे, किती वेगाने जाते, ब्रेक कधी दाबला, इंजिन किती फिरतं, पट्टा लावलाय की नाही, सगळं ती ऑफिसातल्या पडद्यावर पाठवते. रोज ड्रायव्हरला शंभरपैकी मार्क देते. दाजीचं काम म्हणजे ते मार्क बघायचे आणि सकाळी सगळ्यांना वाचून दाखवायचे.

त्या ड्रायव्हरांत त्याचा मुलगा प्रीतमही होता. सव्वीस वर्षांचा, सोन्यासारखा पोर. उलट बोलणं नाही, दारू नाही. संध्याकाळी मासळी घेऊन कोल्हापूरला जायचा, रात्री अकराला रिकामी गाडी घेऊन निघायचा आणि तीन-सव्वातीनला घरी. पुन्हा सहाला बंदरावर बर्फ भरायला. त्या वर्षी एक ड्रायव्हर सोडून गेला होता, म्हणून सुट्टीही नाही.

कणकवलीहून आचऱ्याला येताना एक वळण लागतं. तिथे किंजळीचं जुनं झाड आहे, बुंध्याशी एक दगड. देवचाराची, म्हणजे वाटेच्या राखणदाराची जागा. आमच्याकडचे ड्रायव्हर तिथे गाडी थांबवून विडी ठेवतात. अर्ध्या मिनिटाचं काम. मीही ठेवलीय, दाजीने तर पंचवीस वर्षं ठेवलीय.

प्रीतमचा थांबा मात्र रोज बारा मिनिटांचा. दोन एक्केचाळीस ते दोन त्रेपन्न. डबी लिहायची, विनाकारण थांबा. मार्क सत्तरच्या खाली.

दाजीला वाटलं, मुलाला पाठीशी घातलं तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून त्याने सगळ्यांसमोर विचारलं. प्रीतम म्हणाला, "बाबा, देवचाराक विडी ठेवतंय."

"विडी ठेवूक बारा मिनिटां लागतत? देवचार काय तुझ्यावांगडा पत्ते खेळता?"

सगळे हसले. प्रीतमही हसला. मीही होतो तिथे, मीही हसलो. माझ्या आयुष्यात मी बरंच काही चुकीचं केलंय, पण ते हसणं अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून थांबा बंद. मार्क अठ्ठ्याण्णव. दाजी घरी जाऊन बायकोला, नर्मदावहिनीला म्हणाला, "झील सुधारलो गो तुझो." झील म्हणजे मुलगा.

पाचव्या रात्री, एकवीस डिसेंबर, गुरुवार उजाडायचा होता, किंजळ ओलांडून तीन किलोमीटरवर गाडी सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेली. रस्ता वळला, गाडी वळली नाही.

ऑफिसात पडद्यावर दाजीनेच ते आधी वाचलं. वेग बावन्न. ब्रेक दाबल्याची नोंद नाही. जागा माणूस ब्रेक दाबतो रे, कितीही उशीर झाला तरी दाबतो. पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आणखी काय सांगायला लागतं?

राहिलेलं तेराव्याला मंगेशने सांगितलं. प्रीतम किंजळीखाली इंजिन बंद करायचा, मोबाईलवर बारा मिनिटांचा गजर लावायचा आणि झोपायचा. मंगेशला त्याने सांगितलं होतं, "बाबांका सांगू नको. झोप येता म्हणून कळला तर गाडी काढून घेतीत." मंगेश हे सांगत होता आणि दाजी भिंतीला टेकून बसला होता. रडला नाही. नुसतं म्हणाला, "माका सांगूचा होता." मग तेच पुन्हा. दिवसभर तेच.

मोडलेल्या गाडीतून डबी काढली. चांगली होती, म्हणून शेठांनी ती नव्या पिकअपला लावली. गाडी मंगेशला दिली. पहिल्याच रात्री पडद्यावर किंजळीकडे थांबा आला. दोन एक्केचाळीस ते दोन त्रेपन्न.

मंगेश शपथेवर सांगत होता, "दाजीकाका, मी खंयच थांबाक नाय." आणि खरंच नव्हता थांबला. दोन पाचला कणकवली सोडली आणि तीनला दहा कमी असताना आचऱ्यात पोचला. मग त्यात बारा मिनिटं बसणार कुठे?

काय म्हणालीस भक्ती? वायर? अगं, मी चाळीस वर्षं वायरीच बघतोय. पुण्याहून माणूस आला, त्याने तपासली, मी तपासली. डबी ठणठणीत. रात्री पुन्हा तोच थांबा. आठवडाभर चाललं आणि मंगेशने कानाला खडा लावला. म्हणून त्या बुधवारी दाजी माझ्याकडून चावी घेऊन गेला.

इथून पुढचं मला दाजीने दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. माझ्या गॅरेजात टायरवर बसून.

अवस वगैरे काही नव्हती. पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले होते, चांदणं चांगलं होतं. किंजळीकडे तो दोन एक्केचाळीसला पोचला. मुद्दाम पोचला. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

विडी काढली नाही. उतरला नाही. नुसता बसून राहिला.

रातकिडे होते. लांब कुठे कुत्रं होतं. मग तेही थांबलं.

दाजी म्हणाला, "प्रीतम..."

काही नाही.

"माका कळूक नाय रे... माका कळाक होया होता."

बारा मिनिटं झाली. त्याला वाटलं, म्हातारपणी खुळावलो आपण. त्याने चावी फिरवली.

टुंग.

टुंग.

टुंग.

डॅशबोर्डवर लाल दिवा. डाव्या सीटचा पट्टा.

तुम्हाला माहीत असेल. बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की ते वाजतं. रिकाम्या सीटला वाजत नाही. तुम्ही म्हणाल सामान असेल. जेवणाची पिशवी त्याने पायाशी ठेवली होती. सीटवर रुमालही नव्हता.

टुंग.

दाजीने मान वळवली. सीटवर कुणी नव्हतं. गादी मात्र खाली दबलेली... मधोमध.

भीती वाटली का, मी विचारलं. म्हणाला, वाटली. दार उघडून पळावं असं वाटलं. मग म्हणाला, "आपल्या झिलाक भिऊन खंय पळतलंय?"

त्याने हात लांब केला. पट्टा ओढला. हवेतूनच आडवा आणला... आणि खटका लावला.

आवाज बंद.

पट्टा सपाट पडायला हवा होता. तो सपाट पडला नाही.

दाजी म्हणाला, "नीज बाबू. मी आसंय." आणि गाडी काढली.

पहिला गियर. दुसरा गियर. आणि डाव्या खांद्यावर भार आला. हळूच. लहानपणी एसटीत झोपेने डुलत डुलत यायचा ना... तसा.

आता गियर बदलायचा तर डावा हात हलवायला हवा. दाजीने हलवला नाही.

व्हाळ आला. वळण आलं. त्याने पायाने ब्रेक दाबला, हळू... अगदी हळू. गाडी वळली. खांद्यावरचा भार तसाच.

पंधरा किलोमीटर. दुसऱ्या गियरवर. इंजिन रडत होतं, पण दाजीने हात हलवला नाही.

सर्वेश, तुझा चेहरा बघतोय मी. ती नोंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग ताडून बघितला की गियर कळतो, एवढं मला समजतं. दोन चौपन्नला डावा पट्टा लागला. तिथून तीन बेचाळीसपर्यंत दुसरा गियर, वेग वीसच्या आतबाहेर. आणि किंजळीकडचा थांबा त्या रात्रीनंतर पडद्यावर एकदाही आला नाही.

घराच्या खळ्यात, अंगणात गाडी लागली. नर्मदावहिनी जागीच होती. ती त्या डिसेंबरपासून रात्रीची झोपतच नव्हती. बॅटरी घेऊन बाहेर आली. दाजीने काचेतून खूण केली, तोंडावर बोट ठेवून.

"हळू. निजलो आसा."

तिने बॅटरीचा उजेड आत टाकला. सीट रिकामी होती. गादी फुगून वर आलेली. पट्टा लावलेलाच होता, सैल, लोंबत. दाजीने खांद्याला हात लावला. तिथे काही नव्हतं. तेव्हा मात्र तो रडला. वहिनी सांगते, चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला तसं रडताना पाहिलं नव्हतं. स्टीअरिंगवर डोकं ठेवून म्हणत होता, "घरापर्यंत हाडलंय गो त्येका. घरापर्यंत हाडलंय." आणलंय, आणलंय, असंच म्हणत राहिला. तिने त्याला धरून उतरवलं आणि घरात नेलं.

सकाळी सातला गाडी बघायला मी त्यांच्या घरी गेलो. माजघराला लागून प्रीतमची खोली आहे. तेराव्यानंतर वहिनीने त्याची वळकटी सुंभाच्या दोरीने बांधून फळीवर ठेवली होती, खोलीला बाहेरून कडी. ती कडी तिनेच त्या पहाटे उघडली होती.

दाजी उंबऱ्यावर बसला होता. वहिनी आत, जमिनीवर, भिंतीला टेकून. तिने मला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाई, चपला वाजवू नकात. आज तो खंय जावचो नाय."

समोर बिछाना घातलेला होता. चादर पायाकडून वर ओढलेली. उशीच्या मधोमध खळगा.

मी वहिनीला विचारलं, तुम्ही घातलात? तिने नाही म्हणून मान हलवली. दाजीला विचारलं. तोही नाही म्हणाला.

सुंभाची दोरी बिछान्याच्या बाजूला पडली होती, गोल वेटोळं. मी ती उचलली. म्हटलं, कुणी सोडली असेल तर कळेल.

गाठ सुटलेली नव्हती. वहिनीने मारलेली दुहेरी गाठ, जशीच्या तशी, घट्ट.