मुक्या चौकटी

मास्तर मागच्या खोलीतून शाळा भरवत. शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप, पाठीमागे भिंतीला टेकवलेला फळा, कानांवर हेडफोन. पडद्यावरच्या चौकटींतून मुलं चिवचिवत, आणि जो फार चिवचिवे त्याचा आवाज मास्तर एका बोटानं बंद करत. याला ते कुलूप घालणं म्हणत. तास संपला की एकेकाचं कुलूप काढायचं, त्यानं 'हजर' म्हणायचं, मग सुट्टी. असा त्यांचा रिवाज.

सगळ्यात जास्त कुलपं भाचीच्या वाट्याला. तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. भागाकार ऐन रंगात आला की ही मध्येच म्हणायची, "मामा, कोडं घालू?"

"वर्गात मामा नाही. मास्तर." की घातलंच कुलूप.

त्या दिवशी तास संपत आला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. मास्तर धावले. परत येऊन घाईघाईनं वर्ग बंद केला. भाचीचं कुलूप काढायचं राहिलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, हिचा आवाज येत नाही."

"रुसली असेल."

"रुसलेलं माणूस बोलत नाही रे. ही बोलतेय."

मास्तर बहिणीकडे गेले. डॉक्टरांनी घसा बघितला होता. घसा आरशासारखा स्वच्छ. पोरगी मामाला बघून धावत आली. पावलं वाजली नाहीत. ओठ भराभर हलत होते, गळ्याची शीर ताणली होती. मग तिनं रागानं स्टीलची वाटी फरशीवर आपटली. वाटी उडाली, गरगरली, थांबली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

यंत्रात काहीतरी बिघडलं असणार, असं मास्तर स्वतःशी म्हणाले. वाटीचं काय, ते मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी वर्ग उघडला. भाचीच्या नावापुढे कुलपाची तांबडी खूण. त्यांनी कुलूप काढलं, खूण तशीच. त्या बाजूनं पोरगी बटण दाबत होती, दाबत होती, बोटं पांढरी पडेतो. शेवटी मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

कानांवरचा हेडफोन तेव्हा बोलला.

"मामा, माझा आवाज येतोय का?"

"येतोय बाळा."

"मामा, माझा आवाज येतोय का?"

मास्तरांचं बोलणं हेडफोनमधून तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर हेडफोन घेऊन बहिणीकडे गेले. तिनं तो कानांना लावला. बराच वेळ ऐकलं. डोळे भरून आले. मग तिनं तो काढला आणि वायर नीट गुंडाळली.

"बडबड काही कमी झाली नाही हिची."

"अगं, घाबरलीय ती. काहीतरी करायला हवं."

"करू रे." तिनं आवाज खाली आणला. "पण यांची रात्रपाळी. किती दिवसांनी आज दुपारी डोळा लागलाय त्यांचा. चार दिवस राहू दे की. कुठं पळून जातोय आवाज?"

दारात पोरगी उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

मास्तर घरी पोचायच्या आत बहिणीच्या शेजारणीचा फोन. "मास्तर, तुमच्या बहिणीकडून कळलं. आमच्या दोन्ही पोरांचं जमेल का हो? दुपारपुरतंच."

मागोमाग दुसरीचा. मग तिसरीचा.

मास्तरांनी सगळ्यांना नाही म्हटलं. कुणालाच फार जोरात म्हटलं नाही.

सकाळी वर्ग उघडला तर प्रत्येक नावापुढे तांबडी खूण. त्यांनी काहीच दाबलं नव्हतं. प्रत्येक चौकटीत एक मूल, तोंड उघडं, ओठ हलणारे. प्रत्येकामागे एक आई, खांद्यावर हात ठेवून.

हेडफोनमध्ये गलका होता. आवाज येतोय का, आवाज येतोय का. त्यातून भाचीचा आवाज वर आला. आता तो घाबरलेला नव्हता.

"मामा, माझ्याकडे मुलं आलीत. आता मी शिकवते."

मग हुबेहूब मास्तरांच्या सुरात, "फार चिवचिव झाली."

गलक्यातून एक आवाज गळाला. दुसरा गळाला.

आणि पडद्यावर, एकेका चौकटीत, हलणारे ओठ थांबत गेले.

मागच्या एका आईनं समाधानानं मान डोलावली.