डुबुकने खरं सांगितलं

घरभरचं पाणी गाळणारा फिल्टर कायमचा बसला, तर रेवतीचा फायदा दुहेरी होता. नळाच्या पाण्याचा औषधी वास जाणार होता आणि फिल्टरसोबत भेट आलेला डुबुक नावाचा यंत्रमानव घरीच राहणार होता. खरं तर वासावरून तिने जेवढं नाक मुरडलं होतं, त्यातलं निम्मं डुबुकसाठीच! बाबा मात्र पक्के. "सात दिवस वापरून बघू. नाही पटलं तर दोघंही परत."

सातव्या दिवशी आजोबा आले. नगरपालिकेच्या पाणी प्रयोगशाळेत त्यांची हयात गेलेली.

"काय रे डुबुक, नुसती मान हलवतोस की पाणीही तपासतोस?"

"तपासतो की, आजोबा! कुणी विचारलंच नाही."

डुबुकने दोन नळ्या भरल्या. एकीत रस्त्यावरच्या पाइपातलं पाणी, दुसरीत गच्चीवरच्या टाकीतलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. पहिली पिवळी झाली. दुसरी तशीच राहिली.

"बघा, टाकीतलं स्वच्छ!" रेवती म्हणाली.

"स्वच्छ नव्हे, बेवारस," आजोबा म्हणाले. "पिवळा रंग म्हणजे अवशिष्ट क्लोरीन (जंतू मारून झाल्यावर पुढच्या राखणीसाठी पाण्यात मुद्दाम उरवलेला क्लोरीन). फिल्टरमधला कोळसा तो शोषून घेतो. वासाबरोबर पहारेकरीही जातो. गाळलेलं पाणी लगेच प्यालीस तर ठीक. पण आपण ते साठवतो. फिल्टर कुठे बसवलाय?"

"टाकीच्या आधी," बाबा पुटपुटले. "म्हटलं, टाकीसुद्धा स्वच्छ राहील."

डुबुकने टाकीतला एक थेंब हजारपट मोठा करून भिंतीवर दाखवला. भिंतभर वळवळ! रेवतीच्या हातातला पेला खाली पडला.

"हे... हे मी सकाळी प्यायले?"

मग ती डुबुककडे वळली.

"डुबुक, तुला परत पाठवतील, कळत होतं ना?"

"कळत होतं. पण आजोबांनी विचारलं."

रेवतीने डोळे पुसले. "बाबा, फिल्टर काढा. टाकी घासू. वास नकोच असेल तर स्वयंपाकघरातल्या नळालाच छोटा फिल्टर लावू. गाळलं की लगेच पेल्यात."

आजोबांनी तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी डुबुक खोक्यात बसला. खोक्यावर रेवतीने ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुढच्या घरच्यांनो, याला पाणी तपासायला सांगा.'

बाबांचे पैसे परत आले. टाकीला तिचा पहारेकरी मिळाला. आजोबांना दोनदा चहा मिळाला. गेला तो फक्त डुबुक, आणि तो गेला एकट्या रेवतीचा.