स्नेहलची दुर्बीण

“लगीन नाय, पोर नाय, आन् आत्ताच दुर्बीण! काय गो बाय एकेकीची तऱ्हा…”

पोलादपूर-महाड एसटीत मागच्या सीटवर काशीबाई पुटपुटली. स्नेहलने नुकताच फोन ठेवला होता. ‘दिवाळीच्या सुट्टीतच दुर्बिणीचं उरकू. घरी बोलले नाहीये अजून,’ एवढंच ती हर्षदला म्हणाली होती. वाडीतल्या काशीबाईला त्यात काय खुपलं, ते शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्नेहलला काही कळेना.

हर्षदचं महाडात चष्म्यांचं दुकान. पावसापासून आडोसा म्हणून ती तिथे शिरली, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून दर शनिवारी ती दुर्बीण ठरवायला यायची आणि न ठरवता परत जायची.

“भिंगाची घे,” तो आजही म्हणाला. “बंद नळी. फोटो नेटके येतात.”

“आरशाची त्याच पैशात केवढी मोठी मिळते! अंधुक तेजोमेघसुद्धा दिसतील.”

“आणि तारे बघायला वरंध घाटात नेताना एक आदळा बसला, की आरसे हलले. दर वेळी जुळवत बसावं लागेल.”

“मग जुळवायला कुणीतरी बरोबर नेईन.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

पुसून लख्ख झालेली काच त्याने पुन्हा पुसायला घेतली…

तिने काशीबाईचं बोलणं सांगितलं. तो हसत सुटला, मग कानापर्यंत लाल झाला. “अगं, गावात दुर्बीण म्हणजे… दवाखान्यातली. मुलं बंद करायचं ऑपरेशन!”

“अरे देवा! आणि उद्या मुंबईहून मला बघायला येतायत.”

त्याचं फडकं थांबलं. “मग… तू गप्प राहिलीस, तर आपोआप माघारी जातील.”

“हो का? आणि तुझं तोंड? तेही आपोआपच उघडेल?”

रविवारपर्यंत बातमी अख्ख्या वाडीत फिरून पाहुण्यांच्याही कानी गेली होती. पोहे बशीत गार होत होते. मुलाची आई चाचरली, “आम्ही ऐकलं ते… म्हणजे तब्येतीचं काही…” स्नेहलचे वडील कौलं मोजायला लागले. स्नेहलच्या आईने, बनुबाईने, तिला आत ओढलं. खरं काय ते ऐकून तिने कपाळावर हात मारला.

“अगो, मग सांग ना भायेर! नायतर जमतंय ते मोडंल!”

सांगितलं तर जमणार, गप्प बसलं तर मोडणार. गप्प बसणं किती सोपं होतं! पण आपल्याबद्दलच्या खोट्याआड लपायचं? छट्!

ती बाहेर आली, तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. हर्षद पायरीशी आला. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. “मी… ते… भिंगाचं सांगायला…” आणि बोलणं तिथेच अडलं.

“दुर्बीण तारे बघायची आहे,” स्नेहल पाहुण्यांना म्हणाली. “ऑपरेशन झालेलं नाही, ठरलेलंही नाही.”

माजघरापर्यंत सगळ्यांनी श्वास सोडला. बनुबाई तर हसलीसुद्धा.

“थांब, आई. माझा नकार आहेच,” स्नेहल म्हणाली. “मला लग्न या हर्षदशी करायचंय.”