दाराशी थांबलेली आई

वॉकर आणायला गेले होते, एवढंच.

गेल्या वर्षीची, नोव्हेंबरमधली गोष्ट. आई जाऊन दोन महिने झाले होते. गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तेव्हापासून बंद होता. आईसारखाच आजार असलेल्या एका गृहस्थांना वॉकर हवा होता. त्यांच्या पत्नीचा फोन आला, म्हणून मी ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. माझा भाऊ अभय, ज्याच्याकडे मी आता राहत होते, वाघोलीहून गाडी घेऊन सहाच्या सुमारास खाली येणार होता. वर जायचं, वॉकर घ्यायचा, उतरायचं. दहा मिनिटांचं काम.

पण आधी आईबद्दल सांगते. तिला वगळलं तर ही नुसती भुताची गोष्ट होईल, आणि ते तिला मुळीच आवडणार नाही.

हिरा गायकवाड. मुलींच्या एका शाळेत तिनं एकतीस वर्षं कवायत शिकवली. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती ‘एक-दोन-एक’ म्हणायला लागली की त्या टोकाची मुलगीसुद्धा ताठ व्हायची. शिट्टी तिनं कधी वापरली नाही. “माझा गळा काय भाड्यानं दिलाय?” असं विचारायची.

पार्किन्सन्सनं आधी तिचा तो गळाच घेतला. शेवटी शेवटी तिचं बोलणं ऐकायला मला तिच्या ओठांशी कान न्यावा लागायचा. अक्षर मुंगीएवढं झालं. उजवा हात थरथरायला लागला. मग पाय अडायला लागले. मोकळ्या जागेत ती चालायची, पण दार आलं की जागीच खिळायची, जणू तळवे फरशीला चिकटलेत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी युक्ती सांगितली, जमिनीवर पट्ट्या लावा आणि मोठ्यानं ताल धरा. मी पलंगापासून हॉलपर्यंत पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. तिचे दोन्ही हात धरून, तिच्यासमोर उलटी चालत मी म्हणायची, “एक-दोन-एक.” आणि कशानंच न हलणारा तो पाय उचलला जायचा.

“ताल चुकतोय तुझा, मैत्री,” ती पुटपुटायची. “माझ्या वर्गात असतीस तर मैदानाला चार फेऱ्या.”

“मग इथंच घालते. पलंगाभोवती.”

आम्ही दोघी हसायचो. अकरा वर्षांच्या आजारात आम्ही किती हसलो, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

अडली की ती दाराची चौकट धरायची. हात थरथरायचा आणि मनगटावरच्या घड्याळाची स्टीलची चेन लाकडावर वाजायची. टिकटिकटिकटिक. हाक मारण्याइतका आवाज तिच्यात उरलाच नव्हता, तेव्हा तीच तिची हाक. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असल्या तरी मला ती ऐकू यायची.

एकदाच नाही आली.

सप्टेंबरमधली दुपार. मी हॉलमध्ये ऑफिसच्या कॉलवर होते, कानांवर हेडफोन. कॉल संपला, हेडफोन काढले, वळले... आई बेडरूमच्या दारात. चौकट धरून उभी. कपाळावरून घाम ओघळत होता, पाय लटपटत होते.

“आई! कधीची उभी आहेस गं?”

मी कान जवळ नेला. ती म्हणाली, “तुझं काम चाललं होतं ना.”

मी तिला परत पलंगावर नेऊन निजवलं. रात्री ताप चढला. न्यूमोनिया निघाला. पाचव्या दिवशी ती दवाखान्यातच गेली. घरातलं तिचं शेवटचं चालणं त्या दारातच राहिलं. उभं राहण्याचा आणि न्यूमोनियाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मला ते कळत होतं. पण त्यानंतर मला धड झोप लागत नव्हती.

तर त्या संध्याकाळी मी कुलूप उघडून आत गेले. बंद घराचा कोंदट वास होता, आणि खिडकीच्या फटीतून यार्डातल्या कोथिंबिरीचा ओलसर वास येत होता. वॉकर हॉलच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावरची धूळ पुसायला फडकं हातात घेतलं आणि वीज गेली. नोव्हेंबरचा दिवस, बाहेर उजेड जवळजवळ विझलाच होता. खाली टेम्पोंचे हॉर्न, हमालांचं ओरडणं नेहमीसारखं चाललं होतं. मग तो सगळा गलका हळूहळू लांब गेला. कुणीतरी माझ्या कानांवर तळहात ठेवावेत तसा.

आणि त्या शांततेत, माझ्या पाठीमागून...

टिकटिकटिकटिक.

ते घड्याळ अभयच्या कपाटात होतं. मीच माझ्या हातानं ठेवलं होतं.

आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, भूतखेतांना थारा नव्हता. अंधाराला घाबरणाऱ्या मुलींना आई सांगायची, “उजेडात जे असतं, तेच अंधारात असतं. वेगळं काही येत नाही.” मला तेच वाक्य आठवलं. त्यानं धीर येण्याऐवजी हातपाय गार पडले. कारण उजेडात त्या दारात कोण असायचं, हे मला माहीत होतं.

घराचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी पळाले असते. पण टिकटिक जोरात व्हायला लागली, लागोपाठ, वेडीवाकडी. आईचा हात थकला की अशीच व्हायची. आणि एवढ्या भीतीतही मला एकच सुचलं. ही दोन महिने उभी आहे. आपण पळालो, तर अजून उभी राहील.

“आई...?”

टिकटिक थांबली.

मी वळले. दारात कुणी नव्हतं. फक्त चौकटीशी काळोख जरा जास्त दाट होता, माझ्या खांद्याएवढ्या उंचीचा. आई माझ्या खांद्याला लागायची. मी तिथवर गेले. कशी गेले, विचारू नका. नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

“उशीर झाला गं मला,” म्हटलं. “चल. एक...”

काहीच झालं नाही.

“दोन... एक...”

तळहातांवर गारवा उतरला. मग वजन. फार नाही, हातरुमालाच्या घडीएवढं, पण थरथरणारं. पहिल्या पट्टीवर पाय घासल्याचा आवाज आला. सर्र... मी उलटी एक पाऊल मागे. सर्र... आणखी एक. माझा आवाज फुटत होता, ताल चुकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी मोजत होते. हॉल ओलांडायला आम्हाला नेहमीच वेळ लागायचा. मुख्य दाराशी ती पुन्हा अडली. मी पाठीनं दार ढकललं, ते उघडंच होतं. जिन्यावर मिट्ट काळोख.

“एक,” मी म्हटलं. “शाबास, बाई. अजून एकच.”

हातांवरचं वजन उचललं गेलं. तळवे पुन्हा उबदार झाले.

“सावकाश जा गं,” मी जिन्याकडे बघत म्हणाले. त्या दारात मी बोलले ते एवढंच. माझ्या आठवणीत तरी एवढंच.

त्या रात्री मी दहा तास झोपले, हे आधीच सांगून टाकते. तेव्हापासून झोपेची तक्रार नाही. वॉकरही पोहोचला. अभयच्या हॉलमधला तिचा फोटो बघून आता मला रडू येत नाही, हसू येतं. इथवरची गोष्ट मी अभयला सांगितली आहे, आणि त्यानं ती खाली मान घालून, डोळे पुसत ऐकली. पुढची सांगितलेली नाही.

वीज आली तेव्हा मी तशीच दारात उभी होते. फोन बघितला. अभयचे नऊ मिस्ड कॉल, आणि ‘ट्रॅफिकमध्ये अडकलोय’ असा मेसेज. सव्वासात वाजले होते. मला वाटत होतं, पंधरा मिनिटं झाली असतील. मी आल्याला दीड तास होऊन गेला होता.

समोरचं दार उघडलं. आमच्या शेजारी सुहासिनीकाकू, हातात विझवलेली मेणबत्ती.

“गेल्या का गं पाहुण्या?”

“कोण पाहुण्या, काकू?”

“अगं, त्या म्हाताऱ्या बाई. लुगडं नेसलेल्या. तुझ्यासमोर जिन्यावर उभ्या होत्या त्या. मी मेणबत्ती द्यायला आले होते, पण तुमचं बोलणं चाललेलं बघून आत वळले. मग अधूनमधून दार किलकिलं करून बघत होते.”

“आई...” मी म्हटलं.

“छे गं! हिराताईंना मी ओळखणार नाही का? या फार वयस्कर होत्या. उंच. त्यांनी शेजारी कुणाचा तरी हात घट्ट धरला होता, लहान मुलाचा धरतात तसा. कुणाचा, ते काही दिसलं नाही मला.” काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुझ्या ओळखीच्या नव्हत्या?”

“नाही... काय बोलत होत्या?”

“ते नाही कळलं. अगदी हळू बोलत होत्या. अर्धा तास तरी. तू नुसती मान हलवत होतीस. जाताना त्यांनी तुला काहीतरी विचारलं, तेवढं तुझं उत्तर ऐकलं मी.”

“मी... काय म्हणाले?”

काकू हसल्या. त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं.

“चांगलं हसून म्हणालीस की. ‘हो, येईन. तुम्ही सांगाल त्या दिवशी.’”