बुधवारची भाकर

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. काही तर इतक्या झकास, की ऐकणाऱ्यांनी पुढे त्या मलाच खऱ्या म्हणून ऐकवल्या.

ही थाप नाही.

ही माझ्या मामाची हकीकत आहे. मामा टेलर. कापडसुद्धा कधी अर्धा इंच वाढवून सांगितलं नाही त्याने, तर गेलेल्या माणसाबद्दल काय वाढवून सांगणार? आणि शेवट तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. बुधवार होता. सकाळचे आठ. लख्ख उजेड.

मामाचं दुकान चर्चच्या समोरच. दर बुधवारी सकाळी सातला तिथे छोटी उपासना असायची. सात-आठ म्हातारी माणसं, पाळकसाहेब आणि मामा. प्रवचन चालू असताना मामा मागे उभा राहून डोकी मोजायचा आणि तेवढ्याच भाकरी थाळीत ठेवायचा. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे कोटाच्या बटणाएवढी पातळ पांढरी चकती. मोजून ठेवायची, कारण आशीर्वाद दिलेली भाकर उरली तर टाकता येत नाही.

एक मात्र वेगळी काढायची. छोट्या चांदीच्या डबीत.

ती नर्सबाईंची.

नर्सबाई मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अर्ध्या मंडळीची बाळंतपणं त्यांच्याच हातची. आता गुडघे गेले होते, रबर झिजलेली काठी टेकत घरातच फिरायच्या, जिना बंद झाला होता. म्हणून उपासना संपली की मामा डबी घेऊन वर जायचा, चार ओळींची प्रार्थना म्हणायचा आणि भाकर त्यांच्या तळहातावर ठेवायचा.

ती विरघळली की बाईंचा प्रश्न ठरलेला.

"हं, टेलर. कोण कोण आलं होतं?"

मग मामाने बाकावार हजेरी द्यायची. कोण खोकत होतं, कोणाचा डोळा लागला, कोणाची सून रुसून वेगळ्या बाकावर बसली. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधूनमधून "हं" म्हणायच्या. मामाने आटोपतं घेतलं तर म्हणायच्या, "तुझ्या दोन्ही पोरांना पहिली चापट मी मारलीय. तिसरी तुला पडेल."

एका बुधवारी लग्नाचे सहा निळे कोट अंगावर आले होते. मामाने डबी खिशात टाकली आणि पाय दुकानाकडे वळले. दुपारी जाऊ, म्हणाला.

मग म्हणाला, उद्या जाऊ.

शनिवारी बाई गेल्या.

शेजारीण सांगत होती... बुधवारी सकाळपासून बाई इस्त्रीचे कपडे घालून, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दार लावू दिलं नाही. टेलर यायचाय, म्हणाल्या.

मामाने खिशात हात घातला.

डबी तिथेच होती, भाकर आत तशीच. झाकणात कोटाचा निळा धागा अडकलेला.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, बाई एकट्या नव्हत्या. शेवटच्या आठवड्यातही आपल्या टेलर मास्तरांनी त्यांना भाकर पोचवली. सगळ्यांनी मामाकडे मायेने पाहिलं. मामाने मान खाली घातली.

लोकांना तो नम्रपणा वाटला.

पुढच्या बुधवारी मामासकट नऊ डोकी. भाकरी नऊ. मामा नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी गुडघे टेकून बसला. पाळकसाहेब त्याच्यासमोर आले... आणि थांबले.

थाळी रिकामी होती.

"मास्तर, मोजायला चुकलात," ते हळूच म्हणाले.

मामा मोजायला चुकत नसे.

त्यापुढच्या बुधवारी त्याने दहा ठेवल्या. डोकी नऊच. रांग पुढे सरकत होती, आणि मागून आवाज आला...

टक. टक.

रबर झिजलेल्या काठीचा.

मामाने वळून पाहिलं. बाईंचा जुना बाक रिकामा होता. पण गुडघे टेकायची उशी खाली काढलेली... आणि तिच्यात दोन खळगे.

या वेळी मामाला भाकर मिळाली, पण दहावी उरली नाही; थाळी पुन्हा रिकामी.

त्या दिवशी मामाने दुकान उघडलंच नाही. डबी घेऊन तीन जिने चढला. शेजारणीने कुलूप काढून दिलं. खुर्ची अजून दाराकडे तोंड करून होती. मामा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि आधी खरं काय ते बोलला. कोट, दुपार, उद्या, आणि दफनाच्या वेळी खाली घातलेली मान. मग प्रार्थना म्हटली. मग राहिलेल्या सगळ्या बुधवारांची हजेरी दिली, एकही बाक न गाळता.

शेवटी डबी उघडली.

आत काही नव्हतं.

शेजारीण दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"मास्तर... तुम्ही बोलत होता, तेव्हा मध्ये मध्ये 'हं' कोण म्हणत होतं?"

रविवारी मामाने भर मंडळीत उभं राहून सगळं कबूल केलं. तेव्हापासून घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी चर्चच्या दारावर लागते, आणि कोण कोणाकडे जाऊन आलं ते दर रविवारी मोठ्याने विचारतात. भाकर पुन्हा कमी पडली नाही. मामा मात्र बुधवारी कधी सुईला हात लावू शकला नाही.

गेल्या वर्षी मामाचेच गुडघे गेले. यादीत त्याचं नाव लागलं, आणि डबी माझ्याकडे आली.

एका बुधवारी मी डबीत भाकर ठेवली. एकच. जगाला कितीही फसवलं असेल मी, पण त्या डबीच्या बाबतीत नाही. मामाच्या उशाशी बसलो, प्रार्थना म्हटली, झाकण उघडलं.

दोन होत्या.

एक ताजी, पांढरी. दुसरी पिवळी पडलेली... कडेला निळा धागा चिकटलेला.

मामाने तळहात पुढे केला.

"दे," तो म्हणाला.

"कोणती?"

"माझी. जुनी."

त्याने ती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी सवयीने हजेरी द्यायला लागलो, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. तोंड दाराकडे वळवलं. तिथे कोणी नव्हतं. तो ऐकत होता, आणि मधूनमधून म्हणत होता...

"हं."

शनिवारी मामा गेला.

डबी अजून माझ्याकडेच आहे. यादीतल्या दुसऱ्या घरी जायचा बुधवार मी चुकवत नाही. झाकण लावण्याआधी दोनदा मोजतो. एक. एकच.

पण जिना चढताना ती कानाशी हलवून पाहायची हिंमत मला अजून झालेली नाही.